चौसष्ट मापं, एका श्वासात

मी, भिकन जीवराम शिरसाठ, वय सहासष्ट, धंदा बँडमास्तर, राहणार धुळे, लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. बायको मंदाबाई गेल्यापासून मला रडू येत नाही, हसूही येत नाही. त्याला वेड म्हणत नाहीत, असे डॉक्टर म्हणाले. हे कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. दबाव आणायला घरात कोणी उरलेले नाही.

१. घर धाकटा भाऊ हिलाल याच्या बायकोला, वच्छलाबाईला. मोरीचा नळ गळतो, तोही तिचाच.

२. क्लॅरिनेट बँडातल्या कौतिकला. वीस वर्षे त्याचा डोळा आहे तिच्यावर. ढोल, झांजा, गणवेश बाकीच्या मंडळींना. कॅसिओवाल्या झुलालला काही देऊ नये. त्याच्या पेटीने आठ माणसांची लग्नसराई खाल्ली.

३. आता हिलालचे. पलटणीच्या बँडात मी नोटेशन, म्हणजे सूर कागदावर लिहिणे-वाचणे, शिकलो, त्यालाही थोडे शिकवले. ट्रंपेट तो माझ्या क्लॅरिनेटपेक्षा गोड वाजवायचा, हे मी कधी बोललो नाही. १९८३ साली सोनगीरच्या लग्नात तो चारचौघांत म्हणाला, "कागदवर जे व्हई ते मी वाजाडसू." मला झोंबले. पुढच्या लग्नात मी एक मार्च लिहून त्याच्यापुढे ठेवला. चौसष्ट मापं, म्हणजे तालाची चौसष्ट आवर्तने, एका श्वासात, एका ट्रंपेटवर दोन सूर एकदम, वर शेरा: 'बसलेल्या घोड्याच्या चालीत.' बाकीच्यांना ही थट्टा आधीच सांगून ठेवली होती. तो अडकला, पुन्हा सुरू केले, पुन्हा अडकला. सगळे पोट धरून हसले, मी सगळ्यांत जास्त. कागद खिशात घालून तो एरंडोलला गेला. परत आला नाही.

गेल्या आठवड्यात वच्छलाबाई तो कागद घेऊन आली. समासात पेन्सिलीने लिहिलेले: ८५ साली अकरा मापं. ८९ साली एकोणीस. यंदा तेवीस, छाती दुखली. घोड्याच्या शेऱ्याखाली: 'दादाला विचारणे.'

ती म्हणाली, "आबा, हाई कसं वाजाडतस, तेवढं सांगी द्या. तुमना भाऊ अजून रोज वाजाडस."

मी चहा घ्या म्हटले. लाज वाटायला हवी होती. तीही वाटली नाही.

४. तो मार्च कोणालाच वाजवता येत नाही. मलाही नाही. वाजू नये म्हणूनच लिहिला होता. हिलालचे काही चुकलेले नाही.

५. कलम १ व २ मी मेल्यावर अमलात यावीत. कलम ४ साठी थांबू नये. साक्षीदार सुकदेवने सही करून आजच एसटीने एरंडोलला जावे व ते हिलालला वाचून दाखवावे. मी जाणार नाही. मला पाहून तो ट्रंपेट काढील.

ठिकाण: धुळे
दि. ९ फेब्रुवारी १९९४
(सही) भिकन जीवराम शिरसाठ

साक्षीदार:
१) ताईबाई, शेजारीण (अंगठा)
२) सुकदेव, ढोलवाला (सही. दुपारच्या गाडीने निघतो.)