मागे पडलेल्या पेट्या

३ फेब्रुवारी

सही केली नाही!

मॅडमनी कागद पुढे सरकवला, पेन दिलं, वर ‘अगं, कर ना आता’ असंही म्हणाल्या. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले. आमच्या लॅबचा जुना नियम आहे — निकालाच्या कागदावर पहिली सही वस्तू बनवणाऱ्याची. ती नसेल तर कागद पुढे हलत नाही. आणि फिल्म मी बनवली आहे. पूड मी मिसळली, काचेवर मी पसरली, साठ अंशांवर मी सुकवली. एकोणीस वर्षं मी दुसऱ्यांच्या डोक्यातल्या वस्तू बनवून दिल्या. ही एकच माझ्या डोक्यातली.

कागदावर काय होतं? ‘तिसरी चाचणी. फिल्मखालची रोपं आणि साध्या झाकणाखालची रोपं, वजनात फरक नाही.’ तिसऱ्यांदा तेच वाक्य! मग उजेडाच्या मीटरवर मला रोज दिसतो तो फरक काय आहे? माझी फिल्म उन्हातला निळा-जांभळा उजेड शोषून घेते आणि तांबडा करून खाली सोडते. पानांना तांबडा मानवतो. मग टोमॅटोच्या रोपांनी वाढायला नको?

मॅडम म्हणाल्या, ‘मीटर म्हणजे रोप नव्हे.’

मी म्हटलं, ‘तीनदा चुकीचं मोजलं म्हणून ते बरोबर होत नाही.’

संस्थेच्या प्रमुखाशी असं बोलायचं नसतं. पण बोलले ते बोलले. मागे घेणार नाही.

४ फेब्रुवारी

आता कळलं घाई कशाची ती! काचघराचा पश्चिमेकडचा अर्धा भाग चंद्रवाल्यांना हवाय. चंद्रवाले म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरची मंडळी. चंद्रावर जशी माती आहे तशी करडी भुकटी बनवतात आणि तिच्यात बी रुजवायला बघतात. वर्षभरात चार कोंब आले आणि त्या कोंबांचे फोटो जिन्यात लावलेत. इथल्या मातीतलं सगळं संपलं वाटतं!

त्यांच्यातली ती चष्मेवाली शास्त्रज्ञ — मी तिला मनातल्या मनात चंद्रवाली म्हणते — आज हात धुताना शेजारी आली. म्हणाली, ‘तुमच्या फिल्ममधून एकूण उजेड किती खाली जातो, मोजलंत का हो?’

‘तांबडा वाढतो,’ मी म्हटलं.

‘तांबडा नाही, एकूण.’

‘तांबडा वाढतो,’ मी पुन्हा म्हटलं आणि नळ बंद केला. काल आलेली पोर, मला उजेड शिकवते!

६ फेब्रुवारी

सापडलं! सापडलं! सापडलं!

सकाळी काचघराच्या दाराशी माळीमामांना गाठलं. (मी आत जात नाही. वस्तू बनवणाऱ्याने चाचणी चालू असताना काचघरात पाऊल टाकायचं नाही, हाही नियमच. त्यामुळे तिन्ही वेळा मी फक्त वजनाचे आकडे पाहिलेत, रोपं नाहीत.) सहज विचारलं, ‘मामा, पाणी सगळ्यांना सारखंच घालता ना?’

मामा टोपी काढून डोकं खाजवायला लागले. इतक्या वर्षांत त्यांना खोटं बोलता आलेलं नाही.

‘सारखंच घालायचं असतं, ताई. पण एका बाजूच्या पेट्या मागे पडायला लागल्या. बघवेना हो. म्हणून त्यांना थोडं वरचं पाणी... आणि आठवड्याला चमचाभर खत.’

‘तिन्ही वेळा?’

‘तिन्ही वेळा मागे पडल्या ना.’

मी पुढचं ऐकलंच नाही. चपलांचा आवाज करत जिना चढले आणि मॅडमच्या खोलीत न विचारता शिरले. साध्या झाकणाखालची रोपं मागे पडत होती आणि मामांनी दयेपोटी त्यांना वर काढलं! म्हणून फरक नाही! माणूस सोन्यासारखा, आणि चाचणीचा बट्ट्याबोळ करून बसला.

मॅडमनी चष्मा काढला, डोळे चोळले. मग म्हणाल्या, ‘एक महिना. शेवटची. यातही फरक नाही निघाला, तर तो अर्धा भाग वरच्यांना जाणार.’

एक महिना पुष्कळ झाला!

७ फेब्रुवारी

मामांना आज जरा जास्तच बोलले. ‘तुमच्या मायेपायी माझं वर्ष वाया गेलं’ असं. ते मान खाली घालून कुंड्या घासत राहिले. एकदा तोंड उघडलं, पण मी पाठ फिरवली होती. संध्याकाळी वाईट वाटलं.

८ फेब्रुवारी

चाचणी कशी करायची म्हणजे कुणाला बोट दाखवता येणार नाही? दिवसभर डोकं खाजवलं. उत्तर मिळालं घरी, भाजी निवडताना, सासूबाईंकडून!

त्या तीस वर्षं शिवणकाम शिकवत होत्या. म्हणाल्या, ‘माझ्या वर्गात परीक्षेच्या कपड्यावर मी नाव लिहू देत नसे. नुसता नंबर. नावांची यादी शेजारच्या वर्गातल्या बाईंकडे. माझं आणि तिचं तर बोलणंही नव्हतं!’

‘मग यादी तिच्याकडेच का?’

‘बोलणं नव्हतं म्हणूनच की! मैत्रिणीकडे दिली असती तर मी विचारलं असतं, आणि तिने सांगितलं असतं.’

मी तिथेच त्यांचे हात धरले. ‘अगं, भाजी सांडेल,’ म्हणाल्या.

९ फेब्रुवारी

सगळं ठरलं. चोवीस पेट्या. बारांवर माझी फिल्म, बारांवर तशीच पण पूड न घातलेली. कुठल्या नंबरवर काय, ते फक्त एकाच माणसाला ठाऊक. झाकणं तीच लावणार, पश्चिमेच्या भागाला कुलूप तीच घालणार. पाणी नळीतून, सगळ्यांना सारखं, घड्याळावर. मामांनाही आत प्रवेश नाही. शेवटी रोपं तीच कापून नंबराच्या पिशव्यांत घालणार. मी सुकवणार आणि वजन करणार, नंबर बघून, बाकी आंधळी.

आणि ती म्हणजे कोण? चंद्रवाली! मी हरले तर जागा तिलाच मिळणार. तिच्या हातून मी जिंकले तर कुणाची हिंमत आहे बोलायची?

तिला विचारलं तेव्हा तिने चष्म्यावरून पाहिलं. ‘तुम्हाला माझ्यावर भरवसा आहे?’

‘अजिबात नाही,’ मी म्हटलं.

हसली. हसताना बरी दिसते. पण ते असो.

११ फेब्रुवारी

बारा फिल्म तयार. मशीनने ढवळलं की बुडबुडे राहतात, म्हणून प्रत्येक वेळी चाळीस मिनिटं हाताने ढवळलं. खांदा भरून आलाय. आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात, त्यांना बारीक कामाची किंमत कळते. भिंगातून एक तुकडा पाहिला आणि म्हणाले, ‘एक कणसुद्धा गोळा झालेला नाही.’ यांच्या तोंडून एवढं आलं म्हणजे शाबासकीच.

१२ फेब्रुवारी

रोपं एकाच उंचीची निवडून लावली. झाकणं बसली. कुलूप लागलं. अठ्ठावीस दिवस.

मामा लांब उभे होते. ‘मलाही कुलूप?’ एवढंच म्हणाले.

१५ फेब्रुवारी

काचांना आतून पांढरा रंग दिलाय, उजेड फक्त छतातून. तरी मी तिथून जाताना मान वळतेच. दिसत काही नाही. आज तिसऱ्यांदा तिथून गेले तर चंद्रवाली वरच्या खिडकीतून बघत होती. मी बुटाची नाडी बांधायला वाकले. पायात चप्पल होती!

२० फेब्रुवारी

मामा लॅबच्या दाराशी आले. आत कधी येत नाहीत, हात मातीचे असतात म्हणून.

‘ताई, त्या मागे पडलेल्या पेट्यांचं एक सांगायचं राहिलं.’

‘मामा, झालं ते झालं. माझ्या मनात काही नाही. खरंच.’

‘तसं नव्हे, ताई —’

‘तुम्ही जीव लावला, यात चूक काय? आता विषय बंद.’

मग म्हणाले, ‘ही चाचणी करायलाच हवी होती का?’ मी म्हटलं, हवीच होती. ते गेले. माफ करून टाकलं याचं मला फार बरं वाटलं.

२३ फेब्रुवारी

वैताग! मॅडमनी ‘शेवटचा निकाल’ असं लिहून फळ्यावर तारीखसुद्धा टाकली आहे. खाली चंद्रवाल्यांच्या पेट्या आणायचा दिवस. मी खडू घेतला आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. दुपारी कुणीतरी पुसलं. मी परत काढलं.

२८ फेब्रुवारी

दिवसभर पाऊस नसताना ढग. छतातून उजेड कमी. आठवडाभर असंच चाललंय. चंद्रवाली जिन्यात भेटली, तिचा चेहरा वाचायचा प्रयत्न केला. तिने मुद्दाम जांभई दिली.

हे म्हणाले, ‘अठ्ठावीस दिवस गप्प? तू? शास्त्राने खरंच प्रगती केली.’ मी रागावले, मग हसू आलं.

५ मार्च

सासूबाईंनी सरळ विचारलं, ‘आणि नाहीच निघाला फरक तर?’

‘निघणार.’

‘बरं. आणि नाही निघाला तर सही करशील?’

मी म्हटलं, सही नाकारली ती खोटं होतं म्हणून, हरले म्हणून नव्हे. या वेळी जे निघेल त्यावर करेन. अगदी ठणकावून म्हटलं. त्यांनी सुई-दोरा पुढे केला, ‘ओवून दे, मला दिसत नाही.’ माझंही दोनदा चुकलं.

१२ मार्च

कुलूप उघडलं. चंद्रवालीने कापणी केली. चोवीस कागदी पिशव्या, नंबर मोठे, अक्षर सुंदर. एकही पिशवी उघडून डोकावले नाही! सरळ ओव्हनमध्ये. दोन दिवस सुकायला.

१४ मार्च

वजनं झाली. प्रत्येक पिशवी तीनदा काट्यावर ठेवली. मॅडम शेजारी स्टुलावर बसून आकडे लिहीत होत्या.

आणि फरक आहे! दोन-चार सरमिसळ सोडली तर सरळ दोन गट पडलेत, एक जड, एक हलका. हलका गट जवळपास पाचव्या हिश्शाने कमी. मॅडमनी बेरीज दोनदा केली. ‘इतका?’ म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. मग माझ्या खांद्यावर, त्याच दुखऱ्या खांद्यावर हात ठेवला. ‘मी तुझं ऐकायला हवं होतं.’

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा!

उद्या अकराला चंद्रवाली नंबरांच्या यादीचं पाकीट उघडणार. मी मॅडमना सांगितलं, सगळ्यांना बोलवा. वरच्या मजल्यालाही. मामांनाही. ‘फरक नाही’ म्हणणारं प्रत्येक तोंड मला समोर हवंय. पेनात नवी शाई भरली आहे. उद्या सही अशी करणार की पुढच्या पानावर उमटली पाहिजे.

१५ मार्च

जड गट साध्या झाकणाचा. बारांपैकी दहा पेट्या. माझी फिल्म जेवढा तांबडा देते त्याहून जास्त उजेड गिळते. रोपं उपाशी राहिली.

मी मामांकडे पाहिलं. ‘मागे कोण पडत होतं, ते तुम्ही विचारलंच नाहीत, ताई. तुमच्या हातच्या झाकणाखालची होती ती. कशी मरू देऊ?’

मॅडम हळूच म्हणाल्या, ‘राहू दे. फाइल बंद करू. बाहेर कुणाला कळायचं कारण नाही.’

का नाही कळायचं? उद्या दुसरं कुणीतरी चाळीस मिनिटं ढवळत बसेल! छापायचं. आकड्यांसकट, पाण्यासकट, खतासकट. जुन्या तीन कागदांवर लिहिलं — ‘चाचणी बिघडलेली, मायेने.’ मॅडम म्हणाल्या, शेवटचा शब्द खोड. खोडला नाही.

चौथ्यावर सही केली. पहिली.