हरकत असल्यास तीन दिवसांत कळवावे

४ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून बिल्डिंगचा कारभार पेपरलेस. जिन्याखालचा नोटीस बोर्ड स्वतःच्या हाताने उपटला. खिळे निघाले नाहीत, प्लास्टर निघालं. मोबाईलवरचा ग्रुपही बंद करून टाकला. वर्षभरात तिथे गुड मॉर्निंग आणि मांजरांच्या फोटोंखेरीज काही आलं नव्हतं. ग्रुप बंद करायचा अधिकार ॲडमिनला असतो आणि ॲडमिन मी आहे. यापुढे सेक्रेटरीचा शब्द ईमेलनेच येईल.

मार्चमध्ये निवडणूक. या खेपेला बिनविरोध निवडून यायचंच. तिसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर उभे राहणार अशी कुजबुज आहे. राहू देत. चौदा घरांची बिल्डिंग चालवणं म्हणजे दाढ उपटणं नव्हे.

४ फेब्रुवारी, संध्याकाळ
कॉम्प्युटरवर ईमेलचा स्वतंत्र प्रोग्राम बसवला. मेहुणा फोनवर म्हणाला, भाऊजी, ब्राउझरमध्येच उघडा की, सोपं पडेल. मेहुणा कॉम्प्युटर दुरुस्त करतो, म्हणजे पंख्यातली धूळ काढतो. त्याला पदाची शान काय कळणार.

एक झकास ॲड-ऑन मिळालं. दिवसभर लिहिलेले मेल साठवून ठेवतं आणि प्रोग्राम बंद करताना सगळे एकदम पाठवतं. आमच्या जुन्या ऑफिसात मोठ्या साहेबांचं टपाल असंच संध्याकाळी एकगठ्ठा निघायचं. शिवाय त्यात लेटरहेडची सोय आहे. वर माझा स्टुडिओतला फोटो टाकला, खाली सही, हुद्दा आणि एक वाक्य: हरकत असल्यास तीन दिवसांत कळवावे, अन्यथा संमती गृहीत धरली जाईल. हे आता प्रत्येक मेलखाली आपोआप येतं. वाचून स्वतःलाच दरारा वाटला.

पहिला मेल: दाराबाहेर बूट ठेवू नयेत. चौदाही घरांना. बायकोचा पत्ताही यादीत आहे, नियम सगळ्यांना सारखा.

प्रोग्राम बंद केला तर क्रॅश. खिडकी आली: प्रोग्राम अनपेक्षितपणे बंद पडला. मीच बंद केला होता, त्यात अनपेक्षित काय? खाली चौकट: आपण काय करत होतात? लिहिलं, बंद करत होतो.

८ फेब्रुवारी
तीन दिवस उलटले. हरकत शून्य. बूट अजून दाराबाहेरच आहेत, पण तत्त्व मान्य झालं हे महत्त्वाचं.

बायको म्हणाली, मला तुमचा मेल आला नाही. तिला म्हटलं, नीट बघितलं नसशील.

१० फेब्रुवारी
प्रोग्राम रोज बंद करताना क्रॅश होतो. उघडताना गुणी बाळासारखा उघडतो. आज कंबर कसली. कॉम्प्युटर रीस्टार्ट केला. अँटिव्हायरस बंद केला. प्रोग्राम काढून पुन्हा टाकला. प्रिंटरची वायर काढली, उगाच शंका नको. क्रॅश.

इंटरनेटवर अगदी हीच तक्रार सापडली, सात वर्षांपूर्वीची. सतरा जणांनी सतरा उपाय सांगितलेत आणि शेवटी तक्रार करणाऱ्याने लिहिलंय: सुटला प्रश्न, धन्यवाद. कसा सुटला ते लिहिलं नाही. अशा माणसांमुळे जगाची प्रगती खुंटते.

बायको म्हणाली, माझ्या भावाला बोलवू का. नको. एकदा घरात आला की जेवल्याशिवाय जात नाही आणि वर तोंड करून शिकवतो.

१२ फेब्रुवारी
यश! प्रोग्राम सेफ मोडमध्ये चालवला. या मोडमध्ये ॲड-ऑन बंद असतात. बंद केला, गुपचूप बंद झाला. दोनदा करून पाहिलं. कारण शोधून काढलं म्हणायला हरकत नाही.

पण सेफ मोडमध्ये लेटरहेड जातं. फोटो नाही, हुद्दा नाही, ते वाक्य नाही. नुसता मजकूर. असा मेल कोणीही लिहील. पुन्हा साध्या मोडवर आलो. क्रॅश. चालायचंच.

१५ फेब्रुवारी
डावीकडे आऊटबॉक्सपुढचा आकडा रोज वाढतोय. आज अकरा. कामाचा उरक दिसतो.

आजचा मेल ऐतिहासिक. जिन्याखालच्या खोलीत लोकांनी वर्षानुवर्षं अडगळ भरली आहे. ती काढून तिथे सेक्रेटरीचं ऑफिस करायचं. आपापलं सामान न्यावं, नाहीतर विल्हेवाट लावली जाईल. खाली नेहमीचं वाक्य होतंच.

१८ फेब्रुवारी
एकही हरकत नाही! दातांच्या डॉक्टरांचीसुद्धा नाही. हा माणूस मीटिंगमध्ये चहाच्या कपांच्या रंगावर हरकत घेतो. लेटरहेडने त्यांची बोलती बंद केली.

बायकोला जिन्यात चौथ्या मजल्यावरच्या व्हायोलिनच्या बाई भेटल्या. बाई मुलांच्या शिकवण्या घेतात. त्यांच्या वडिलांचं चेलो, म्हणजे माणसाएवढं व्हायोलिन, त्या खोलीत असतं. बायको म्हणते, बोलण्यावरून बाईंना ऑफिसचं काहीच माहीत नसावं, मी विषय काढला नाही, ते तुमचं काम. अहो, एकदा जाऊन सांगून तरी या, म्हणाली. सेक्रेटरी दारोदार फिरायला लागला तर मग पेपरलेस कशाला केलं?

२१ फेब्रुवारी
भंगारवाला आला. दोन सायकली, तीन पंखे, एक पाळणा, पेट्या, ट्रंका, चेलो. चेलो उचलताना आतून गुंईं असा आवाज आला. भंगारवाल्याने दचकून विचारलं, साहेब, हे चालू आहे का? त्याला म्हटलं, ने.

डॉक्टरांची जुनी पेशंटची खुर्ची मात्र ठेवून घेतली. मागे रेलते, पाय वर होतात. ऑफिसला शोभते.

२३ फेब्रुवारी
भयंकर दिवस. खुर्चीत पाय वर करून मीटिंगची मिनिट्स लिहीत होतो. दारात डॉक्टर. आधी माझ्याकडे पाहिलं, मग खुर्चीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. म्हणाले, ही माझी खुर्ची. म्हटलं, मेल वाचलात ना? कसला मेल, म्हणाले. काय पण नाटक! हल्ली मेल वाचला नाही म्हणणं ही फॅशन झाली आहे. त्यांनी मला खुर्चीतून उठवलं नाही, खुर्ची सरळ केली. मी आपोआप उभा राहिलो.

व्हायोलिनच्या बाई खाली आल्या. रिकामी खोली पाहिली आणि पायरीवर बसल्या. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. मला कसंतरीच झालं. पण मेल गेला होता, मुदत संपली होती. प्रोसिजर म्हणजे प्रोसिजर.

२५ फेब्रुवारी
वॉचमन मला पाहून उठत नाही. लिफ्टमध्ये शिरलो की लोकांना अचानक जिना आवडायला लागतो. घरी बायको कामापुरतं बोलते.

हुकमी पत्ता टाकला. राजीनामा! पानभर लिहिला. मी या बिल्डिंगसाठी काय काय सोसलं, पंप जळाला तेव्हा कोण धावलं, वगैरे. आता लोक हातापाया पडत येतील. दार वाजलं तर लगेच उघडायचं नाही, असं बायकोला सांगून ठेवलं. प्रोग्राम बंद केला. क्रॅश. आपण काय करत होतात? लिहिलं, त्याग.

२८ फेब्रुवारी
दार वाजलं नाही. राजीनाम्याला हरकत शून्य. खालचं वाक्य आपोआप गेलं असणार, आणि त्या हिशेबाने पाहिलं तर... पण लोक धक्क्यात आहेत. धक्क्यातल्या माणसाला मेल लिहायला सुचत नाही.

बिल्डिंग वाऱ्यावर सोडणं माझ्या रक्तात नाही. लगेच दुसरा मेल लिहिला: जनभावनेचा मान राखून राजीनामा मागे घेत आहे.

३ मार्च
राजीनामा मागे घेण्यास एकाचीही हरकत नाही. एकमत! मनातून लोकांना मीच हवा आहे. डोळे पाणावले.

वार्षिक सभेची नोटीस पाठवली. त्याच झोकात डॉक्टरांच्या स्वभावावर एक आणि बिल्डिंगमधल्या कृतघ्नतेवर एक, असे आणखी दोन मेल चौदाही घरांना पाठवले. कधीतरी कोणीतरी बोलायला हवंच होतं.

१० मार्च
सभा. गच्चीवर पंधरा खुर्च्या मांडल्या. मी आणि वॉचमन. वॉचमन दिवे बंद करायला आला होता, त्याला बसवून घेतलं. दहा मिनिटं वाट पाहून सभा सुरू केली. माझं नाव मीच सुचवलं. वॉचमनने अनुमोदन दिलं, म्हणजे मान हलवली, म्हणजे त्याला डुलकी लागत होती. बिनविरोध!

उतरताना व्हायोलिनच्या बाईंच्या दाराबाहेर बूटच बूट. आतून सगळ्या बिल्डिंगचा आवाज येत होता. मुलांचा कार्यक्रम असावा. बूट दाराबाहेर ठेवू नयेत असा मेल पहिल्याच दिवशी गेला आहे. उद्या स्मरणपत्र पाठवायला हवं.

१२ मार्च, दुपार
बायकोने मला न विचारता भावाला बोलावलं. मेहुणा आला, बसला आणि स्क्रीन पाहू लागला. मग म्हणाला, भाऊजी, आऊटबॉक्समध्ये एकतीस मेल अडकलेत, हे कधी पाठवायचेत?

मी म्हटलं, ते गेलेले आहेत. तो म्हणाला, गेलेले असते तर इथे कशाला दिसले असते? तुमचं ॲड-ऑन प्रोग्राम बंद होताना सगळे मेल एकदम पाठवायला जातं, प्रत्येकाला तुमचा भिंतीएवढा फोटो चिकटलेला, आणि तिथेच कोलमडतं. महिनाभरात एक म्हणून मेल घराबाहेर पडलेला नाही.

बायको दारात उभी होती. एवढं मोठं काही न बोलणं मी तिच्याकडून कधी ऐकलं नव्हतं.

मी विचारलं, म्हणजे चेलोचं लोकांना खरंच... तो म्हणाला, कोणालाच माहीत नव्हतं. आणि मी हे ऐकून सुन्न झालो होतो तेवढ्यात, मला मदत म्हणून, त्याने फोटो बोटाच्या नखाएवढा केला, ॲड-ऑन काढलं आणि बटण दाबलं. एकतीसच्या एकतीस मेल डोळ्यांदेखत गेले. परत आणता येतात का, असं मी विचारलं. नाही म्हणाला. जेवायला काय आहे, हेही त्याने विचारलं.

१३ मार्च
सकाळी भंगारवाला गाठला. सायकली, पंखे, पाळणा, पेट्या, ट्रंका सगळं विकून झालंय. ज्याचं त्याला भरून द्यायचं आहे. चेलो मात्र गिऱ्हाईक नाही म्हणून कोपऱ्यात उभं होतं. रिक्षात मावेना. खांद्यावर घेऊन आलो. चार मजले जिन्याने चढलो, लिफ्टमध्येही मावेना. वाटेत तीन दारं उघडली, तीन बंद झाली.

बाईंनी दार उघडलं. मेल अडकले होते, असं सांगणार होतो. लाज वाटली, अगदी कानांपर्यंत. माफ करा एवढंच म्हणालो, तेही चेलोकडे बघून. त्यांनी चेलो आत घेतलं आणि दार लावून घेतलं.

१५ मार्च
मुदत आज संपली. आलेले मेल मोजले.
बूट बाहेर न ठेवण्यास हरकत: तेरा.
डॉक्टरांच्या स्वभावाबद्दलच्या मेलला हरकत: एक. ती डॉक्टरांची नाही, त्यांच्या आईची.
राजीनामा मागे घेण्यास हरकत: तेरा. कोणी कारण दिलेलं नाही.
राजीनाम्यास हरकत: एक.

एक तर एक! खुर्ची पुढे ओढून उघडला. बायकोचा मेल, स्वयंपाकघरातून, सर्वांना पाठवलेला. यांच्या राजीनाम्याला माझी हरकत आहे. यांना काहीतरी काम राहू द्या, दिवसभर घरात नकोत.

खाली डॉक्टरांचं उत्तर, तेही सर्वांना. वहिनी, पूर्ण सहानुभूती आहे, पण निर्णय दहा तारखेलाच चौथ्या मजल्यावर, सगळ्यांसमोर झाला. नवा सेक्रेटरी मी.

त्याखाली व्हायोलिनच्या बाई. वहिनी, दुपारी त्यांना माझ्याकडे पाठवत जा. चेलोत भंगाराची धूळ गेली आहे, पुसायला रोज कोणीतरी हवंय.

बायकोने माझ्या वतीने होकार कळवून टाकला आहे. उद्या तीन वाजता जायचंय. फडकं घरून आणायला सांगितलंय.