बाबांनी लिहिलेलं निवेदन

३ जून

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचा चष्मा दुरुस्त करून पाठवलाय. दांडी मी स्वतः बसवली, आमच्या चष्म्याच्या दुकानाच्या मालकीणबाईंना हात लावू दिला नाही. आता तरी त्यावर बसू नका.

एक काम आहे. मुलगा म्हणून वाढलेल्या मला मुलगी म्हणून जगता यावं यासाठी चार वर्षं हार्मोनच्या गोळ्या घेतेय. त्या सरकारी औषध योजनेतून मिळायच्या. नव्या नियमानं माझ्यासारख्या ट्रान्स बायकांच्या गोळ्या बंद केल्यात. अपील करता येतं, पण घरच्या वडीलधाऱ्या माणसाचं निवेदन लागतं. विकत घेणं माझ्या पगारात बसत नाही आणि साठा सात आठवडे पुरेल इतकाच आहे.

तुम्हाला हे जड जाईल, कळतं मला. नाही म्हणालात तरी रागावणार नाही. आईला नमस्कार. जमेल तेवढा लोभ ठेवा.

तुमची लेक


१४ जून

चि. ताईसाहेबांना अनेक आशीर्वाद.

नाही कशाला म्हणेन? बत्तीस वर्षं कचेरीत जगाचे अर्ज तपासले, आता पोटच्या पोरीसाठी एक पान जड होईल? तीन मसुदे केले. तुझी आई विचारत होती की लेकीची बाजू मांडताय की सरकारची शिकवणी घेताय.

चार वर्षांपूर्वी तू सगळं सांगितलंस, तेव्हा मी म्हणालो होतो की तू आजारी आहेस, डोक्याचा इलाज करून घे. पुढे दोन वर्षं तुझ्याशी बोललो नाही. त्याची मला फार लाज वाटते. म्हणून निवेदनात स्पष्ट लिहिलं, की माझ्या मुलीला कुठलाही आजार नाही. ती धडधाकट आहे, सुखात आहे, तिच्यात काडीचंही कमी नाही. खाली ठसठशीत सही ठोकली आणि रजिस्टर पोस्टानं थेट कार्यालयात पाठवून दिलं. आधी तुला दाखवायचा धीर झाला नाही. नक्कल सोबत आहे.

चष्मा छान बसला. ही माफीच समज, आणि बापावरची माया आटू देऊ नकोस.

तुझे बाबा


९ जुलै

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

नक्कल इतक्यांदा वाचली की घडीवर फाटत आलीय. मालकीणबाईंना वाचून दाखवली, तर त्या डोळे पुसत आत गेल्या.

बाबा, अपील फेटाळलं. तुमच्यापासून लपवणार होते, पण कार्यालयाचं पत्र तुम्हालाही येईल. वडिलांच्याच निवेदनानुसार अर्जदारास आजार नाही, सबब औषधाची गरज सिद्ध होत नाही, असं कारण दिलंय. योजनेत औषध फक्त आजारालाच मिळतं.

तुमचं काही चुकलं नाही. असं माझ्याबद्दल आजवर कुणी लिहिलं नव्हतं. पण खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, की महिनाअखेरपर्यंत सुधारित निवेदन हातोहात आणून देता येईल. त्यात मुलगी आजारी आहे असं लिहावं लागेल. मी मागणार नव्हते. गोळ्या दोन आठवड्यांच्या उरल्यात. ते जुनं अंग परत येईल याची मला भीती वाटते. खूप भीती वाटते. लिहाल का?

आईला सांभाळा, मलाही.

तुमची लेक


१६ जुलै

चि. बाळ, अनेक आशीर्वाद.

अर्जात काय लिहिलं की तो पास होतो, हे मला तोंडपाठ आहे. एकेका शब्दासाठी मी लोकांना परत पाठवलंय. तुझ्या वेळी मात्र कारकुनी विसरलो आणि बाप होऊन लिहीत बसलो. तुझी आई म्हणते, रडता कशाला, लिहा आणि मोकळे व्हा. मग स्वतः आत जाऊन रडते.

लिहिलं. चार दिवस लागले. त्यांना हवं तसं लिहिलंय, नियमात बसेल. सोबतचं पाकीट मी डिंकानं चिकटवलंय. ते उघडू नकोस, खिडकीवर तसंच दे. आतलं एक अक्षरही तुझ्या बापाचं नाही.

लोभ असेल तर एवढं ऐक.

तुझे बाबा