अर्धी ओळ म्हणून पळून जाणारा गाणारा

यवतमाळ,
१२ जानेवारी २०२५

ती. प्रेमसिंगमामांस,
अर्पिताचा शि. सा. न. वि. वि.

डाव्या हातानं लिहिलेलं तुमचं पहिलं पत्र मिळालं. अक्षरं पेरताना हातून सांडलेल्या तुरीसारखी पानभर गेली आहेत, पण मी एकूण एक वेचून वाचली. फोनवर जीभ जड होते म्हणून बोलायचं नाही, हा तुमचा हट्ट मला मान्य आहे. उजवा हात उठेपर्यंत डाव्यानं रोज एक पान लिहा असं डॉक्टरांनी सांगितलंच आहे, तर आठवड्यातलं एक पान माझ्या नावानं लिहीत जा.

तांड्याचे नाईक धरमसिंग येऊन गेले आणि होळीपर्यंत हात उठला नाही तर नंगारा वाजवायला तरुण बाबुलालच्या घरी नेऊन ठेवायचं तुम्हीच त्यांना सांगितलंत, हे वाचून मी लायब्ररीतलं रजिस्टर मिटून ठेवलं. एकतीस वर्षं होळीला तांड्याची लेंगी तुमच्या नंगाऱ्यावर गायली-नाचली गेली आहे. दिवाळीतल्या त्या लकव्याच्या झटक्यानं हात नेला, पण नंगारा तर तुम्ही आपल्या हातानं देताय. आईला सांगू नको म्हणालात. शेजारच्या घरात राहून तिला कळलं नसेल असं मला वाटत नाही, पण माझ्याकडून कळणार नाही.

आता माझी बातमी. माझ्या खोलीखाली जलालचाचांचं दुकान आहे. लाउडस्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करण्यात त्यांचे केस पिकले. गेल्या आठवड्यात राजूरहून एक बाई जुना रेकॉर्ड प्लेअर घेऊन आल्या. त्यांचे वडील कोळसा खाणीत इंजिनिअर होते, तरुणपणी शिकायला इंग्लंडात होते. ते वारले, घर रिकामं करायचंय, सोबतच्या पेटीतल्या रेकॉर्डी तुम्हीच ठेवून घ्या, असं त्या म्हणाल्या. चाचांना वाटलं गझला निघतील. निघालं जमैका. हे समुद्रातलं बेट आहे, मामा. मी आकडे काढून पाहिले: आपल्या यवतमाळ जिल्ह्याहूनही लहान आहे.

आज रविवार, दुकान बंद. दुपारी चाचांनी पहिली रेकॉर्ड लावली. मला वाटलं रस्त्यावरून कापसाचा ट्रक जातोय, कारण ओट्यावरचे स्क्रू थरथरत होते. ट्रक नव्हता, जाड तारांची गिटार होती. मग गाणारा आला, चार शब्द म्हणाला, आणि शेवटचा शब्द दूर दूर जात राहिला, तांड्यामागच्या खोऱ्यात हाक जाते तसा. मग सगळंच गेलं. नुसता ढोल उरला. चाचांनी कप तोंडाशी नेला होता तो तिथंच राहिला. त्यांची लेक माहनूर बिस्किटांची ताटली घेऊन आली ती पायरीवरच थांबली. रेकॉर्ड संपल्यावर आम्ही तिघंही उगीच हळू आवाजात बोलत होतो. इतक्या वर्षांत मी पुष्कळ गाणी ऐकली, पण गाण्याच्या आत एवढी जागा असते, तिथं माणूस चालत जाऊ शकतो, हे मला ठाऊक नव्हतं.

याला डब म्हणतात. संध्याकाळपर्यंत एकेक रेकॉर्ड लावत चाचांनी एक मेमरी कार्ड भरलंय, सोबत दुरुस्त केलेला मोठा स्पीकर दिलाय. मोबाईलवर हे ऐकणं म्हणजे वरणावरचं पाणी पिणं, असं त्यांचं मत आहे. परवा दिग्रसच्या एसटीनं पार्सल पाठवते, कार्डावर कुठल्या कव्हरची गाणी कुठं आहेत त्याची यादी आत ठेवते. लायब्ररीत नवा वाचक सुरुवात कशानं करू विचारतो, तेव्हा मी जाड कादंबरी देत नाही, निवडक कथांचा संग्रह देते. तसंच आधी हिरव्या कव्हरचा संग्रह ऐका, त्यात बारा वेगवेगळ्या लोकांचं काम आहे. मग लाल कव्हरची. काळी शेवटी, ती फार खोल आहे.

ऐकून कळवा. लोभ आहेच, त्याला गंज चढू देऊ नका.

तुमची,
अर्पिता


तांडा, दिग्रस
२२ जानेवारी

चि. अर्पी ग्रॅज्युएट हिले मामाचा आशीर्वाद.

स्पीकर भेटला. कार्ड भेटलं. तू लिवलं का डब गाणे पाठवते, त मले वाटलं साउथचे पिक्चर हिंदीत डब होतात तसं असंन, म्हंजे काही समजंन. म्हनून तुह्या मायले, रुपीलेबी संगं बसवलं.

बाई, जलालभाईले सांग का कार्ड खराब हाय. गाणारा अर्धी ओळ म्हनते अन् पळून जाते. तुही माय म्हणे त्याले घरून हाक आली असंन. मंग ढोल राह्यते. मंग थोबी जाते. मंग गाणारा खोऱ्यातून भुतावानी एकच शब्द वरडते अन् पुन्हा गायब. रुपीनं स्पीकरले दोन थापडा मारल्या, तरी सुधरला नाई. डब केलं त पुरं त करा! कोन्या भाषेतून कोन्या भाषेत केलं थेबी नाई समजलं.

स्पीकर मात्र दमदार हाय. भांडे हालतात.

हात तसाच हाय. बाकी ठीक.

तुहा मामा,
प्रेमसिंग


यवतमाळ,
२८ जानेवारी

ती. मामांस, शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी खाली दुकानात वाचून दाखवलं. चाचा इतके हसले की खुर्चीचा पाय निसटला. कार्ड चांगलं आहे, मामा. गाणारा पळालेला नाही, त्याला मुद्दाम पळवलाय.

मी लायब्ररीत शोधून वाचलं. पन्नास वर्षांपूर्वी तिथं रेकॉर्डीच्या एका बाजूला पूर्ण गाणं असायचं आणि दुसऱ्या बाजूला तेच गाणं, आवाज काढून टाकलेलं. मैदानात मोठमोठे स्पीकर रचून लोक त्या दुसऱ्या बाजूवर नाचायचे. मग काही कारागिरांनी एकेक वाद्य काढायला सुरुवात केली. गिटार काढ, ढोल ठेव. ढोल काढ, नुसता प्रतिध्वनी ठेव. साऊथचा पिक्चर डब करताना नवा आवाज भरतात, इथं होता तो आवाज काढतात. शब्द एकच, काम अगदी उलटं.

आणि ऐका, या कामातला एक फार मोठा माणूस मुळात रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा मिस्तरी होता! हे वाचल्यापासून जलालचाचांचे पाय जमिनीवर नाहीत. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगतात की आमच्या धंद्यातल्या माणसानं आवाज मिसळायच्या नुसत्या मिक्सरवर जग हलवलं. माहनूर म्हणाली, अब्बा, मग आपल्या घरचाही मिक्सर चार महिने पडून आहे, तेवढा हलवा.

मामा, मला यातून एक गोष्ट कळली आणि ती तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. रिकामी जागा म्हणजे उणीव नसते. या लोकांनी रिकाम्या जागेचंच संगीत केलं. तुमच्या उजव्या हाताची जागा रिकामी झाली आहे, तर तिच्याकडेही असंच पाहता येईल. एका हातानं वाजवून बघा ना. नंगारा कुणाला देऊ नका.

रागावलात तरी लोभ तेवढा कापून ठेवू नका.

तुमची,
अर्पिता


तांडा
६ फेब्रुवारी

अर्पी,

चिठ्ठी दोनदा वाचली. जमैकाच्या मानसानं ढोल काढला थो त्याच्या मर्जीनं. पायजे तवा थो वापस आनते. माहा हात कोनं मले इचारून नाई नेला, अन् वापसबी येऊन नाई राह्यला. सकाळी शर्टाच्या गुंड्या तुही माय लावून देते. त्याच्यात मले कोनतं संगीत नाई दिसत.

तू शिकली, मले गर्व हाय. पन सारंच पुस्तकावानी नाई राह्यत बाप्पा.

होळीले नंगारा बाबुलालकडं जाईन. ठरलं हाय.

प्रेमसिंग


यवतमाळ,
११ फेब्रुवारी

ती. मामांस,
मान खाली घालून नमस्कार.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी जेवले नाही, हे सांगून तुमच्याकडून दया काढायची नाही. चुकले. मी ऐकणारी आहे, आणि तुम्हाला हातावर शहाणपण शिकवायला निघाले. घरात पहिली पदवी मिळाली की आपल्याला सगळं सांगता येतं असं वाटायला लागतं बहुतेक. जलालचाचांना तुमचं पत्र दाखवलं नाही, फक्त मजकूर सांगितला. ते हातातली तार सोलत म्हणाले की तुझे मामा खरं बोलतात, बेटा. ज्याचं यंत्र बिघडतं त्याला आम्ही आधी विचारतो काय होतंय, आम्ही त्याला सांगत नाही.

म्हणून आता विचारते. काळ्या कव्हरच्या रेकॉर्डीची दुसरी बाजू, तिसरं गाणं. मी ते वीसेक वेळा ऐकलं. बोटांवर मोजायला जाते आणि दर वेळी चुकते. पाय खाली ठेवावा तिथं पायरीच नाही, असं होतं. तरी गाणं पडत नाही. तिथं नेमकं काय आहे? पुस्तकात सापडलं नाही. माझ्या ओळखीत ढोलातलं कळणारा माणूस एकच आहे, आणि तो माझ्यावर रागावलाय.

नंगाऱ्याबद्दल पुन्हा एक अक्षर लिहिणार नाही. तुमचा आहे, तुम्ही ठरवाल.

लोभ मागायचं आज तोंड नाही, पण वाट पाहते.

अर्पिता


तांडा
२७ फेब्रुवारी

चि. अर्पीले आशीर्वाद.

राग गेला. तुह्यावर कवा टिकला? पन तुह्या गाण्यानं माहे पंधरा दिवस खाल्ले. दुपारी रुपी वावरात गेली का लावत होतो.

तू मोजते त पहिल्यापासून मोजते, म्हनून पडते. चार मोज. पहिला ठोका थो मारतच नाई. दुसराबी हलकाच. सारा जोर तिसऱ्यावर. आपन पहिल्यावर दनका देतो, साऱ्या तांड्याले समजलं पायजे का सुरू झालं. हा लेकाचा पहिलाच ठोका मोकळा सोडते. मले वाटलं आळशी हाय. मंग धा-बारा वेळा आयकलं, त माहीच मान त्या मोकळ्या जागेवर खाली जाये. मी मनात भरून देत होतो, अन् त्याले म्हाईत होतं का मी भरन! कुठचा कोन थो, समुद्रापलीकडचा. पन्नास वर्साआधी वाजवून गेला, अन् दिग्रसच्या तांड्यात मानूस बसला हाय, त्याची मान हालंन, हे त्याले कसं समजलं वं?

माह्या अंगावर काटा आला. खरं सांगतो.

हिरवी रेकॉर्ड साधी हाय. नव्या मानसाले काळीच पयले दे. खोल पान्यातच पवनं येते. तुही लायब्रीची रीत बदल.

नंगाऱ्याचं ठरलं थे ठरलं. थो उगी रिकामा नाई राह्यला पायजे.

मामा


यवतमाळ,
४ मार्च

ती. मामांस, शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र समोर ठेवून ते गाणं पुन्हा लावलं. पहिला सोडून मोजलं. पायरी सापडली! माहनूरला दाखवलं, तिनं चाचांना दाखवलं, आणि आम्ही तिघं बंद दुकानात वेड्यासारखे माना हलवत बसलो. तुमच्या सांगण्यावरून काळी रेकॉर्ड आता पहिल्या नंबरवर गेली आहे. लायब्ररीतल्या शिपाई शीलाताईंना मी तीच ऐकवली. त्या म्हणाल्या, पोटात कुणीतरी दार वाजवल्यासारखं वाटतं.

होळीला मला सुटी मिळत नाही. नंगारा दाराबाहेर जाताना मला बघवलंही नसतं. पण तुम्ही ज्याच्या हाती द्याल, तो नीटच वाजवेल. आईकडे लक्ष असू द्या.

लोभ तुमच्या हिशेबानं, मोकळा सोडा, मी भरून घेईन.

तुमची,
अर्पिता


तांडा
१५ मार्च

चि. अर्पीले मामाचा लय लय आशीर्वाद.

बस, अन् मंग वाच.

काल धुळवडीले दुपारी नाईक अन् सारा तांडा आला. नंगारा म्या पुसून आंगनात काढून ठेवलता. बाबुलालच्या हाती नंगारा वाजवायच्या दोन्ही टिपऱ्या देल्या. दोन्ही हातानं देतात, म्या एकानं देल्या. त्यानं सुरू केलं. मानूस तयार हाय, खोटं नाई बोलत. पन इतका भरून वाजवे का बायायले श्वास घ्यायले जागा नाई. लेंगीची ओळ मधातच तुटे. तुही माय गाता गाता माह्याकडं पाहे. तिचं पाह्यनं तुले म्हाईतच हाय.

म्या घरात जायाले उठलतो. पाय दाराकडं नाई गेले. बाबुलालजवळ जाऊन म्हनलं, एक टिपरी दे. त्यानं देली. म्या नंगाऱ्यापुढं बसून डाव्या हातानं सुरू केलं. पहिला ठोका उजव्याचा, थो कुठून आनू? सोडून देला. तिसऱ्यावर आलो. सारे थबकले. धरमसिंगले वाटलं माहा डावाबी गेला, थो धरायले उठला. रुपीनं त्याचा सदरा वढून त्याले खाली बसवलं.

म्या पुन्हा तसंच केलं. पहिला सोडला, तिसरा मारला. अन् मंग त्या मोकळ्या जागेवर पाय पडला. साठ-सत्तर मानसाचा, एकाच वक्ती, मातीवर. अर्पी, म्या न मारलेला ठोका जमिनीतून आला! माह्या बुडाले समजला. एकतीस वर्स म्या त्याह्यच्यासाठी वाजवलं, काल त्याह्यनं माह्यासाठी वाजवलं. लेंगी सूर्य कलेपर्यंत चालली. बायायच्या आवाजाले इतकी जागा पयलेच कवा भेटली नोती. रुपी अशी गायली का मले आमची माय आठवली.

घरात येऊन म्या लय रडलो, थे जलालभाईले सांगू नको. बाकी सारं सांग.

बाबुलाल दुसरी टिपरी वापस द्यायले आला. म्या म्हनलं ठेव तुह्याजवळच. नंगारा माह्याच वसरीत राह्यते, अन् तू रोज दुपारी इथं येत जा. थो म्हणे मामा, मले त वाजवता येते, शिकायचं काय? म्या म्हनलं, मारायचं कुठं थे तुले येते. कुठं नाई मारायचं थे मीबी आताच शिकून राह्यलो.

थो आला पाहाय, दारात हुभा हाय टिपरी घेऊन. आज पहिला दिवस. आज त्याले नुसतं बसवनार हाय.

तुहा मामा,
प्रेमसिंग नंगारेवाला