दोन सीटांची गाडी

५ नोव्हें. १९३८, वसमत
जवळा बाजारहून भाऊचा निरोप. आईनं अंथरूण धरलंय, सारखी मला विचारते. आमच्या बैलगाड्या सगळ्या कापसात. दारात ह्यांनी हैदराबादेहून आणलेली लाल टू-सीटर नुसती उभी, कारण हे पाय मोडून खाटेवर. ड्रायव्हर रहीमभाई आहे, पण त्याच्या शेजारी एकटीनं बसून जायचं नाही. तिसऱ्याला जागाच नाही. म्हटलं, मग मीच शिकते, सासूबाईंना शेजारी घेऊन जाते. हे हसले. हसा!

६ नोव्हें.
शिकवणीची तऱ्हा काय सांगावी. स्टिअरिंगवर मी, शेजारी सा.बा., रहीमभाई बाहेर फूटबोर्डावर. त्यानं माझ्याशी थेट बोलायचं नाही, ही ह्यांची ताकीद. तो सा.बां.ना सांगणार, त्या मला.
"मांसाहेब, वहिनीसाहेबांना सांगा, क्लच हळू सोडा."
"अगं, ते हळू सोड म्हणून राहिला."
"कोणतं ते, आत्याबाई?"
तोवर गाडी आचका देऊन बंद. दिवसभर हेच.

८ नोव्हें.
दुसरा गिअर पडत नाही. खर्रर्र. हे ओसरीवरच्या खाटेवरून ओरडतात, "गिअरबॉक्स हाय तो, दळायचं जातं न्हाई!"
माझ्या आईपेक्षा ह्यांना त्या दातेरी चाकांची काळजी. इतका संताप आला की जेवलेच नाही. त्यात सा.बा. गाडी हलली की डोळे मिटून देवाचं नाव घेतात. मग रहीमभाईचं मला सांगणार कोण?

९ नोव्हें.
जवळ्याहून पुन्हा माणूस आला. आई आता नुसतं पाणी घेते. मी इथं क्लच सोडत बसलेय.

११ नोव्हें., शुक्र.
गावाबाहेर माळावर गेलो. चढावर गाडी मागं घसरू लागली. रहीमभाई, "मांसाहेब, मांसाहेब!" सा.बां.ची दातखीळ बसलेली. शेवटी तो माझ्यावरच ओरडला, "अवं, ब्रेक दाबा, ब्रेक!" दाबला. मग तसाच थेट सांगत गेला, आता क्लच, आता गिअर, आता बराबर सोडा. आणि चढली! माळभर फिरवली, दुसरा पडला, तिसरा पडला. रडूच आलं.
घरी येऊन सा.बां.नी कौतुकानं सगळं सांगून टाकलं. व्हायचं तेच झालं. हे रहीमभाईला उद्यापासून येऊ नको म्हणाले. मी कडकडून भांडले.

१२ नोव्हें.
गाडी पुढं जाते. मागं घ्यायचं शिकायचं राहिलं आणि शिकवणारा गेला. ह्यांना विचारलं, रिव्हर्स कसा टाकायचा? "काहून? तुला तर समदं येतं." धन्य!
जवळ्याहून आज कुणी आलं नाही. हे बरं की वाईट, कळत नाही.

१३ नोव्हें., सकाळ
सा.बा. शाल पांघरून, दशम्यांचं गाठोडं घेऊन केव्हाच गाडीत जाऊन बसल्यात. म्हटलं, "आत्याबाई, मला गाडी मागं घेता येत न्हाई. माघारी फिरायची पाळी आली तर?"
"आईकडं निघालीस न्हवं? मग माघारी कशापायी? चल."
किल्ली ह्यांच्या उशाशी आहे. हे जागे आहेत. मागणार नाही, घेणार आहे.