गाडीचं पान

बाई, रहिमतपुरात दुपारच्या गाडीचा आवाज ऐकू येतो का, एवढंच तुम्हाला विचारायचं होतं. तुम्ही जन्मभर तिथल्या वाचनालयात खिडकीशी बसलात, तुम्हाला ठाऊक असणार. पण तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली आणि मला हा प्रश्न पडला तो यंदा. मी स्वतः एकोणीस वर्षांचा होईपर्यंत त्या गावात राहिलो, तरी मला त्याचं उत्तर माहीत नव्हतं. माहीत नव्हतं असं आज म्हणतो. मार्गशीर्षात चार माणसांच्या बैठकीत मी छातीठोक सांगितलं होतं की ऐकू येत नाही.

ही बैठक काय ते आधी सांगतो. आम्ही चौघं महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पुस्तकावर बोलायला जमतो. नऊ वर्षांत तीनदाच खाडा झाला आहे, करोनाचा काळ सोडून. सुभेदार साताऱ्यात राहतात, फौजेतून निवृत्त. मिरजेच्या एका दवाखान्यातल्या सिस्टर आहेत. इस्लामपूरचे प्राध्यापक आहेत. चौथा मी, सांगलीत पंपांच्या मोटारींचं रिवाइंडिंगचं दुकान, म्हणून मला सगळे मिस्त्री म्हणतात. एक महिना सुभेदारांच्या घरी थालीपीठ, एक महिना माझ्या दुकानाच्या माडीवर भडंग. पुस्तक आधी सगळ्यांनी संपवून यायचं. तिघांचं बोलून झालं की शेवटी मी बोलतो, कारण शेवटी चुकांची यादी असते. पौर्णिमेनंतर तीन दिवसांनी चंद्रकोर दिसली, हापसा यायच्या आधीच्या काळात बाई हापशावर पाणी भरते, असलं सगळं. प्राध्यापक त्याला मिस्त्रींचा पंचनामा म्हणतात. एम. ए. झालेल्या माणसाला जे दिसत नाही ते नववीत शाळा सोडलेल्या माणसाला दिसतं, याची मला मजा वाटते. खोटं कशाला बोलू, मजा नाही, अभिमान वाटतो.

ही सवय तुमच्याकडचीच. तेव्हा मी पेठेतल्या एका मोटारींच्या दुकानात हाताखाली होतो; गुरुवारी वीज नसायची, दुकान बंद, म्हणून मी गुरुवारी वाचनालयात येत असे. एका कादंबरीत नायकाचा थोरला भाऊ चाळिसाव्या पानावर वारला होता आणि एकशे दहाव्या पानावर लग्नात अक्षता वाटत होता. मी ते तुम्हाला दाखवलं तेव्हा तुम्ही चष्मा काढून हसलात. इतकी वर्षं हे पुस्तक गावात फिरतंय, कुणाला मेलेला माणूस दिसला नाही, म्हणालात. पुढच्या गुरुवारी तुम्ही जुन्या नोंदवह्यांतली कोरी पानं शिवून केलेली एक वही माझ्यापुढे ठेवलीत. मला शाळेत कुणी कधी काही दिलं नव्हतं. ती वही मी वर्षभरात भरून टाकली. मग एके दिवशी तुम्ही ती मागून घेतलीत, पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळलीत आणि विचारलंत, यातलं एकही पुस्तक तुला आवडलं नाही का? मी म्हटलं, आवडली की, बरीच आवडली. तुम्ही म्हणालात, "मग ते कुठं लिहिलंयस? चुका काय, लेखकानं करून ठेवलेल्याच असतात. तू त्यात नवीन काय केलंस?" मला राग आला. पुढचे दोन गुरुवार मी आलो नाही. तिसऱ्या गुरुवारी आलो तो नवी वही घेऊन, आणि तीही चुकांनीच भरली.

तर मार्गशीर्षातली बैठक साताऱ्यात होती. पुस्तक निवडायची पाळी सुभेदारांची. त्यांनी महिनाभर आधी आम्हाला झेरॉक्स काढून स्पायरल बाइंडिंग केलेली बाडं दिली होती. वर नाव नाही, लेखक नाही. कुणा ओळखीच्या बाईनं लिहिलेलं आहे, छापायचं की नाही ते तुम्ही सांगा, एवढंच ते म्हणाले. फौजी नवऱ्याची बायको, रहिमतपूरजवळचा मळा, सासू, विहीर, पाण्याच्या पाळ्या, अशी साधी हकिकत होती. सिस्टर म्हणाल्या, मला सासूचं दुखणं वाचवेना, ड्यूटीवर असल्यासारखं वाटलं. प्राध्यापक भाषेविषयी बोलले. मग माझी पाळी आली. मी सतरा चुका काढल्या होत्या. मोटारीला स्टार्टर बसवण्याआधीच तो जळला होता, एक म्हैस एकाच वर्षात दोनदा व्याली होती, असं करत करत मी सतराव्या चुकीवर आलो. ती बाई लिहिते की दुपारची गाडी स्टेशनात आली की मळ्यात तिचा आवाज यायचा, आणि आवाज आला की ती चुलीवर भाताचं आधण ठेवायची, कारण नवरा सुट्टीवर यायचा तो त्याच गाडीनं, आणि तो स्टेशनवरून चालत येईपर्यंत भात व्हायचा. मी म्हटलं, मी तिथला आहे. स्टेशन गावापासून चांगलंच लांब आहे. मळ्यात आवाज येणं शक्य नाही. ही चूक नाही, ही बनवाबनवी आहे. प्राध्यापक हसले. आत तव्यावर थालीपीठ थापण्याचा आवाज चालू होता तो थांबला, हे मला सिस्टरांनी नंतर सांगितलं. माझं लक्ष यादीकडे होतं.

सुभेदार मला स्कूटरवरून एसटी स्टँडवर सोडायला आले. सांगलीची गाडी लागलेली होती, मी चढणार तेवढ्यात म्हणाले, "मिस्त्री, सतरा मोजल्या तुमी. आमच्या मंडळींनी बी मोजल्या, आत ओट्याजवळ हुबं राहून. तिनंच लिवलंय त्ये." मी काय म्हणालो ते आठवत नाही. बहुतेक, आधी सांगायचं होतं, असं म्हणालो. ते म्हणाले, आधी सांगितलं आसतं तर तुमी खरं बोलला आसता व्हय?

नऊ वर्षं ज्या वहिनींच्या हातचं खाल्लं, त्या लिहितात हे मला माहीत नव्हतं. त्या कधी बाहेर येऊन बसल्या नाहीत आणि आम्ही कुणी बसा म्हटलं नाही. तरी मला तेव्हा फार वाईट वाटलं असं नाही. चुका होत्या, त्या मी सांगितल्या. पुढच्या महिन्यात सुभेदार सांगलीला आले आणि भडंग खाता खाता म्हणाले की तिनं तुमच्या समद्या चुका दुरुस्त केल्या, आणि गाडीचं पान तर वहीतनं फाडूनच टाकलं. मला बरं वाटलं, बाई. आपल्या सांगण्यानं एखादं लिखाण नीट झालं, असं वाटलं.

फाल्गुनात मी एका पंपाच्या कामासाठी रहिमतपूरला गेलो. मोटार जळली नव्हती, बेअरिंग गेलं होतं, ते बदललं. मळेकऱ्यानं भाकरी दिली, ती मी बांधावर बसून खात होतो. चारी बाजूंचा ऊस आठवड्यापूर्वी तुटला होता, पाचट तेवढं पडलेलं. आणि मला गाडी ऐकू आली. भोंगा नव्हे फक्त, स्टेशनात शिरतानाची खडखडसुद्धा, पातळ पण स्वच्छ. मी मळेकऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, फड मोकळा झाला की येतोय आवाज, ऊस हुबा आसला की न्हाई येत. म्हणजे मी तिथं एकोणीस वर्षं राहिलो ते भर पेठेत, चार मोटारींच्या घरघरीत. मळ्यातली दुपार मला माहीतच नव्हती, आणि मी तिथला म्हणून बोलत होतो.

घरी येऊन बाड काढलं. गाडीच्या वाक्याखाली माझ्या बॉलपेनाची रेघ, बाजूला ठसठशीत 'चूक'. त्याच्या आधीचं वाक्य असं होतं की, ऊस तुटून गेला की रान ऐकायला लागायचं. वहिनींनी आधीच सांगून ठेवलं होतं. मी ते वाक्य वाचलं नव्हतं असं नाही, पण त्यात चूक नव्हती, म्हणून ते माझ्या ध्यानात राहिलं नाही.

दुसऱ्या रविवाराची वाट न बघता मी साताऱ्याला गेलो. सुभेदार बँकेत गेले होते. वहिनी अंगणात मेथी निवडत बसल्या होत्या. दोन महिन्यांत त्यांनी वही उघडली नव्हती, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. पान काढलं तवापास्नं फुडचं काय सुचंना, असं त्या म्हणाल्या, तक्रार म्हणून नव्हे, दूध नासलं म्हणावं तसं. मी म्हटलं, "वहिनी, सतरा नाहीत, सोळा. गाडी ऐकू येते. मी ऐकून आलोय."

"मला ठावं हाय की," त्या म्हणाल्या.

"मग पान का फाडलंत?"

त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. "आवं भावजी, तुमी म्हनला, मी तिथला. एवढं वाचल्यालं मानूस. मला वाटलं, मी वाट बगायची म्हनून मलाच तसं वाजत आसंल कानात."

मी ती जुडी ओढून निवडू लागलो. मग त्यांनीच विचारलं, ते पान तुमच्याजवळ आसंल न्हवं? माझ्याकडचं तर बंबात गेलं. मी हो म्हटलं. देतो म्हटलं. माफी मागायला गेलो होतो, ती मागितली असं म्हणता येणार नाही. फक्त आकडा दुरुस्त करून आलो. मात्र निघताना, येत्या बैठकीला तुम्ही बाहेर बसा, एवढं बोललो. त्या म्हणाल्या, मग थालीपीठं कोन लावनार, तुमी?

लावीन म्हटलं. त्या खूप हसल्या.

ते पान तसंच देता येईना. माझं 'चूक' असं उमटलंय की मागच्या पानावरही त्याचा वळ दिसतो. प्राध्यापकांकडे किंवा सिस्टरांकडे कोरी प्रत असेल, पण ती मागायची तर कशाला ते सांगावं लागेल. म्हणून काल दुकान लवकर बंद केलं आणि माडीवर बसून ते पान नव्या कागदावर माझ्या हातानं उतरून काढलं. दोन बाजू भरल्या. लिहिताना वेग आपोआप वहिनींच्या बोलण्याचा झाला, दर वाक्याला थांबावं लागलं. नवरा यायचा नसला तरी गाडी वाजली की हात तांदळाच्या डब्याकडे जायचा, असं एक वाक्य आहे. ते मी आधी वाचलेलं आहे हे मला पटेना.

हे तुम्हाला लिहिलं, कारण बैठकीत हे सांगण्याइतका मी अजून झालेलो नाही, आणि तुम्ही कुणाला सांगणार नाही. हा कागद वायरिंगच्या जुन्या आकृत्यांत राहील, तिथं कुणी बघत नाही. उतरलेलं पान रविवारी वहिनींना देणार आहे. ते मूळ पानाशी शब्दाला शब्द लावून दोनदा ताडून बघितलं आहे, सगळं बरोबर आहे. फक्त एके ठिकाणी, 'रान ऐकायला लागायचं' याच्याजवळ, माझं पेन बराच वेळ थांबलं होतं. तिथं 'रानात ऐकू यायला लागायचं' हवं, असं मला वाटत होतं. मी बदललं नाही. पण बाई, अजूनही वाटतं.