पोटात होती तोवर ती चांगली होती

बाबा,

मी तुमचा मोठा मुलगा. वाणिज्य शाखेचा पदवीधर, वर्ध्यात करसल्लागार, पन्नाशी ओलांडलेला. तुमची आठवण येते म्हणून हे लिहीत नाही. आईवर तुम्ही ठेवलेला आरोप गेल्या आठवड्यात आपल्याच स्वयंपाकघरात खोटा ठरला. आरोप तुमचा, म्हणून निकालही तुम्हाला कळवणे मला योग्य वाटते.

अल्लीपूरच्या घराची न्हाणी. कडाक्याची थंडी आहे. माझी धाकटी बहीण दगडावर बसली आहे, तिचे गुडघे सुजले आहेत आणि शाळेत जाण्यापूर्वी तुम्ही बाह्या सरसावून रांजणातले पाणी तिच्या पायांवर ओतता आहात. "दुखणं नाई, आळस हाय. नाटकं करून राह्यली." ती ओरडत नाही, कारण ओरडले की आणखी एक तांब्या, हे तिला ठाऊक आहे. पुढे वर्ध्याच्या डॉक्टरांनी सिकलसेलचे निदान केले. आजार जन्मजात आहे, हिला थंडीपासून जपा, असे त्यांनी सांगितले. शाळेत मुलांना शरीरशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने यातून एकच शब्द उचलला, जन्मजात. धाकटी गेली त्या दिवशी आलेल्या माणसांसमोर तुम्ही आईला म्हणालात, "तुह्या पोटाचा दोष हाय. माह्या खानदानीत असं रगत नाई." आणि हिने यापुढे कोणत्याही गर्भारणीची ओटी भरू नये, असे फर्मावलेत. आईने ते पाळले. सुनेच्या सातव्या महिन्यात ती चुलीशी बसून राहिली. तुम्ही गेल्यावरही ती तशीच बसते.

आता माझ्या मुलीला सातवा महिना आहे. ती जनुक-संपादनाच्या प्रयोगशाळेत सिकलसेलवरच संशोधन करते. ओटीच्या दिवशी ती सरळ स्वयंपाकघरात गेली.

"आजी, पह्यली ओटी तूच भरजो."

"माह्या हातानं नको व बाई. तुह्या आजोबानं मना केलं हाय."

"ते त फोटोत हायेत. फोटोतून हात धरतीन का तुहा?"

बायका हसल्या. आई हसली नाही. मग मुलगी पोट सावरत तिच्याजवळ पाटावर टेकली. हा आजार एकाकडून येत नाही, आईकडून एक आणि बापाकडून एक, असे दोन्ही दोष मिळाले तरच होतो, हे तिने समजावून सांगितले. म्हणजे दोष आजोबांच्या रक्तातही होताच.

आईने बराच वेळ परातीतली कणीक मळली. "अर्धा त माहाच ना?"

"आजी, लेकरू पोटात असते ना, तवा त्याचं रगत येगळं असते. त्या रगतात हा आजार दिसतच नाई. जलमल्यावर शरीर ते रगत बनवणं बंद करते, मंग दुखणं सुरू होते. आमी आजारी माणसाच्या पेशी काढतो अन् ते बंद करणारी कळच जनुकात कापतो. मंग पोटातलं रगत पुन्हा बनाले लागते. तोच उपाय हाय."

"म्हंजे माह्या पोटात होती तवर ते चांगली होती?"

"एकदम चांगली."

आई उठली. हात धुतले. "अन् आयकाले तो नाई," ती म्हणाली. "जित्ता असता त उभा भाजला असता मी त्याले." तुमचा उल्लेख तिने 'तो' असा केल्याचे मी आयुष्यात प्रथमच ऐकले, आणि मला त्याचा आनंद झाला. तिने ओटी भरली. ओंजळ इतकी भरून घेतली की निम्मे तांदूळ जमिनीवर सांडले. तुमचे नाव पुन्हा कोणी काढले नाही.

हा उपचार काही थोड्या रुग्णांना मिळाला आहे. तो अतिशय महाग आहे, त्यात धोकेही आहेत, आणि आपल्या गावापर्यंत तो कधी येईल हे मुलगीही सांगू शकत नाही. धाकटीला तर त्याचा काहीच उपयोग नाही. तिला एक कोरडे पांघरूण पुरले असते. ते घरात होते.

हे पत्र मी आईला वाचून दाखवणार नाही, आणि तुमच्या फोटोपुढेही ठेवणार नाही. मात्र एक गोष्ट राहिली. मीही वाहक आहे, तो एक दोष माझ्यातही आहे. ओटीनंतर मी मुलीला म्हणालो, "माझ्यातला तो तुकडा तुझ्या आजोबांचा असेल तर कापून टाक. आजीचा असेल तर राहू दे." ती म्हणाली, "पप्पा, वाहकाला उपचार करत नाहीत. पण तो कोणाकडून आला ते तुमचं आणि आजीचं रक्त तपासून कदाचित सांगता येईल. पाहू का?"

मी नको म्हणालो. तो तुमच्याकडून आलेला नाही असे निघाले, तर तुमची तेवढीही खूण माझ्यात उरणार नाही, आणि मला वाईट वाटेल.

तुमचा मोठा मुलगा
अल्लीपूर
मार्गशीर्षातला गुरुवार